गोल वाट

पाटीवर आधी वेल्श, मग इंग्रजी:
दोन मैल, गोल वाट, लहानांना जमेल.
खाली कुणीतरी खिळ्याने कोरलंय, चिखल आहे.

पहिल्या पुलावरून इआन्तोने काडी सोडली,
एका टोकाची साल दातांनी सोललेली.
"परत येताना घेऊ," म्हणाला.
वाट गोल, म्हणजे ओढाही गोलच.
कुणी काही बोललं नाही.
एलुनेद बुटातला खडा काढत होती,
एम्रिस आजोबा ओकला टेकून दम खात होते.

मग चढण. मेंढ्यांचं फाटक, शेवाळलेली भिंत.
माझ्या सँडविचमधलं चीज कुत्र्याने पळवलं.
ओढा दिसेनासा झाला, तरी ऐकू येत राहिला,
शेजारच्या खोलीत कुणी भांडी विसळावीत तसा.

उतारावर नेस्टा, वय नऊ, पुढे पळाली,
पुलाच्या वरच्या अंगाला वाकली,
आणि गप्प उभी राहिली.

आली काडी. डुलत, दगडाला अडत.
इआन्तोने काठावर उतरून उचलली, फिरवून पाहिली.
"ही माझी नाही. हिला दात लागले नाहीत.
दुसऱ्या कुणाची तरी आहे.
माझी त्याच्याकडे गेली असेल."

मग पुन्हा पाण्यात सोडली, ज्याची त्याला.

गाडीत बसेपर्यंत नेस्टा
ओली बाही पाठीमागे धरून चालत होती.