हयातीचा दाखला

मंगळवारी नि शुक्रवारी उघडतं आमचं कार्यालय,
पूर्वी जिथे शाळा होती.
फळ्यावरचा शेवटचा गुणाकार मी पुसलेला नाही.
मतदार एकशे चार. मागच्या खेपेला एकशे एकोणीस होते;
चौघं मुलांकडे गेले, अकरांना मीच पोचवलं,
दफनभूमीची किल्ली माझ्याच जुडग्यात असते.

पोर्तुगालच्या नकाशात आमचं गाव शोधायला
चष्मा लागतो. लिस्बन चष्मा वापरत नाही.

डॉक्टर माझ्या हातात नाही.
डोंगरावरचा रस्ता जिल्ह्याचा, नदी सरकारची,
आणि पाइनचं रान फ्रान्सात राहणाऱ्या
सात चुलतभावांचं, ज्यांचा आपसात अबोला आहे.
तरी जूनच्या आत सातही जणांना फोन लावून
झुडपं तोडायची परवानगी मी काढते,
एकाला आईची आठवण देऊन, दुसऱ्याला दंडाची.
आग काही सातबारा बघून येत नाही.

माझ्या हातात एक पांढरी व्हॅन, एक शिक्का
आणि अदेलिनो:
आठवड्यातले तीन दिवस गावाचा नोकर,
उरलेले चार माझा विरोधक.
थंडीत चौकातला बाक आम्ही दोघांनी उचलला,
चार पावलं सरकवला, अकरानंतर ऊन येतं तिथे.
ठराव मागाहून लिहिला.
विरोधात मत एक. बाक उचलणाऱ्याचंच.

आज देओलिंदाबाईंकडे गेले.
लक्झेंबर्गात त्यांनी तीस वर्षं जिने पुसले,
त्याचं पेन्शन येतं; आणि दर वर्षी तिकडून कुणीतरी विचारतं,
ही बाई अजून आहे का?
गुडघे त्यांना येऊ देईनात, म्हणून शिक्का घेऊन मीच.

त्यांनी केस विंचरले होते. कानांत सोनं.
मी फॉर्म मोठ्यानं वाचला:
सही करणाऱ्याने व्यक्तीस समक्ष पाहिले पाहिजे.
"मग बघ," त्या म्हणाल्या.

बघितलं.
हनुवटीवरचा तीळ. कोबीचं सूप ढवळणारा हात.
खिडकीत सुकत घातलेले अक्रोड.
किती दिवस झाले असतील
कुणी असं बघितल्याला, त्यांना. आणि मलाही.

शाई वाळून गेली होती.
त्यांनी शिक्का हातातून घेतला, तोंडाशी धरला,
हः करून वाफ सोडली,
दोनदा, पार आतून.
उमटला. फिकट, पण उमटला.

"मत मी तुला दिलं नव्हतं हं,"
दारापर्यंत येत म्हणाल्या.
"ठाऊक आहे. एकशे चारच तर आहात.
गुरुवारी व्हॅन ब्रागान्साच्या इस्पितळात जातेय,
साडेसातला.
गुडघे घेऊन या."