रोप धरेपर्यंत

पहिल्या रात्री झोपायचं नाही, टेकायचं.
दोन उशा, त्यांवर सोफ्याची एक,
आणि गळ्यात विमानप्रवासाची उशी.
मी विमानात कधी बसलेलो नाही,
ही ऑफिसातल्या इनामदारची, "परत कर" असं दोनदा बजावून दिलेली.
पंचेचाळीस अंश. नववीतला कोनमापक आठवला.

दर अर्ध्या तासाने फवारा.
मोबाइल वाजतो, मी बाटली वीतभर लांब धरतो,
फुस्, फुस्.
मिठाचं पाणी कपाळावरून नाकाच्या शेंड्यापर्यंत येतं
आणि तिथे लोंबकळत राहतं.
पुसू नका म्हणाल्यात लोणकर सिस्टर.
टिपायचं. तेही भुवयांच्या खाली.

दोन हजार एकशे चाळीस मुळं
मानेमागून काढून पुढे लावलेली.
मी पालथा पडून ऐकत होतो, ती मोजत होती मोठ्यानं,
आणि मला खळ्यावरचं धान्य आठवत होतं,
पायलीगणिक वडिलांचा आवाज:
लाभ, दोन, तीन…

का केलंस, इनामदारने विचारलं.
म्हटलं, ऊन लागतं.

तिसऱ्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांत उतरली.
दूधवाला दारातच थबकला. "कुणी मारलं?"
"मीच. बारा हप्त्यांत."

टी-शर्ट डोक्यातून घालायचा नाही म्हणून
मुलाखतीचा बटणांचा शर्ट, रोज तोच, रात्री धुऊन.
हेल्मेट खिळ्याला.
पुण्यात हेल्मेट न घालायला आजवर कारण लागलं नव्हतं,
आता माझ्याकडे डॉक्टरांच्या सहीचं आहे.
खिडक्या बंद. खाली वारज्याचा हायवे,
ट्रक रात्रभर साताऱ्याकडे धूळ नेतात,
थोडी आमच्या मजल्यावर ठेवून जातात.

खाज मात्र रात्रीच येते, पाहुण्यासारखी, जेवणं आटोपल्यावर.
हातात पायमोजे चढवून पडतो.
तान्ह्या बाळाला घालतात ना,
स्वतःलाच ओरबाडू नये म्हणून.

दहाव्या दिवशी पहिली अंघोळ, म्हणजे खरी.
तळव्यावर बाळांच्या शाम्पूचा फेस,
तो नुसता ठेवायचा, चोळायचा नाही.
तांब्यातून पाणी, धार नाही, ओघळ.
बादलीच्या कडेशी बसून
मी माझ्याच डोक्याला हात लावत होतो
विचारून विचारून.
एवढ्या हळू मी कशालाच कधी शिवलो नव्हतो.
अडतीस वर्षं या डोक्याला मिळालं काय?
बोअरिंगचं पाणी, कपड्यांच्या साबणाची उरलेली वडी,
आणि आरशासमोर एक शिवी.
खपल्या सुटल्या. पाण्यात तिळासारख्या फिरल्या
आणि मोरीच्या जाळीशी थांबल्या.

तिसऱ्या आठवड्यात उशीवर केस.
लावलेलेच.
लोणकर सिस्टर फोनवर म्हणाल्या, "गळणारच, मुळं आत आहेत."
त्यांचं काय जातं म्हणायला.

वेल्ह्याला फोन लावला.
आईला काही सांगितलेलं नव्हतं,
व्हिडिओ कॉल आला की रेंज नाही म्हणायचो.
विचारलं, आवणी केल्यावर रोप पिवळं का पडतं गं?
"जागा बदलली की रुसतंय.
आठ-धा दिस बघायचंच न्हाई त्याच्याकडं.
बांधावर हुभं राहून टकामका बघितलं
म्हणून काय बिगीनं वाढतंय व्हय?"
मग भांडी विसळल्याचा आवाज, बराच वेळ.
"आन् रं,
डोस्कं ठणकतंय का अजून?"

मी काही बोललो नाही.
तीही पुढे विचारत बसली नाही.
कोंबड्यांबद्दल बोलली, वायरमनबद्दल.

फवारा केव्हाच थांबलाय,
साडेतीनचा एक गजर काढायचा राहिलाय.
वाजतो. मी उठतो, बाटलीकडे हात जातो,
मग आठवतं.
आता उठलोच आहे तर
भांडंभर पाणी पितो, बसून,
पंखा एकने कमी करतो
आणि इनामदारची उशी नीट करून
परत टेकतो.