सुट्टे

कॉलेजमागच्या टपरीवर पाच जणांचा चहा,
बिल अठ्ठावन्न.
श्रीशैलनं साठ दिले
आणि हात पसरून उभाच राहिला दोन रुपयांसाठी.
"सोड की बे," मल्लिनाथ म्हणाला,
"यहुदी हाईस का काय?"

सगळे हसले. मीही.
हसणं आधी आलं,
शब्द मागून पोचला.

मल्लिनाथच्या मनात काही नव्हतं,
हे मी शपथेवर सांगते.
त्यानं आयुष्यात एकही यहुदी पाहिलेला नाही,
म्हणजे त्याला तसं वाटतं.
दोन वर्षं प्रॅक्टिकलला माझ्याच टेबलावर असतो,
माझ्या डब्यातली नारळाच्या रसातली आमटी
बोटानं पुसून खातो.

हजेरीत मी अबीगेल वाकरूळकर.
सर अडखळतात. "ख्रिश्चन ना गं तू?"
पहिल्या वर्षी एकदा नाही म्हणाले,
तर अख्खा तास त्यातच गेला.
आता मान हलवते, कशीही.

रेल्वे लाइन्समध्ये आमच्या चौकटीला मेझुझा आहे,
करंगळीएवढी डबी, जरा तिरकी.
नवा पेपरवाला ती बेल समजून दाबत राहिला होता.
रात्रपाळीला निघताना बाबा तिला हात लावतात,
बोटं ओठांना.
मग डबा, मग टॉर्च.

आजोबा सांगायचे, आपण शनवार तेली.
कोकणात घाणा सहा दिवस फिरायचा,
सातव्या दिवशी बैल मोकळा.
आणि इतक्या पिढ्यांत या भाषेनं
आपल्याला कधी टोचलं नाही, असंही सांगायचे,
मिशीवर हात फिरवत.
मग हा शब्द आला कुठून बे?
कुठल्या गाडीनं आला, कुठल्या स्टेशनावर उतरला,
आणि आपल्यासारखं बोलायला
कधी शिकला?

त्या दिवसापासून मी सुट्टे मागत नाही.
रिक्षा, झेरॉक्स, गॅदरिंगची वर्गणी,
सगळ्यांत आधी माझे, आणि वर थोडे.
महिनाअखेरीला बाबांनी हिशेब विचारला.
मी पंख्याकडे बघत बसले.

काल शेंगाचटणी घेतली महानंदाबाईंकडून.
"राहू द्या दोन रुपये," म्हणत वळलेच होते.
"तगो," त्या कानडीत ओरडल्या,
मनगट धरून माझी मूठ उघडली,
"हक्काचं का सोडायलीस गं?"

नाण्याला चटणीचं तेल होतं.
बोटांना अजून वास येतोय.

"मल्लिनाथ, ऐक की बे, परवा तू जे..."
इथपर्यंत वाक्य पाठ झालंय.