चहा मागितला नाही

आमच्या डिचोलीच्या इस्पितळात
पूर्वी तीन पाळ्यांच्या तीन शाया होत्या :
सकाळची निळी, दुपारची हिरवी, रात्रीची लाल.
चार्ट लांबून पाहिला तरी कळायचं
माणूस कुठल्या वेळी बिघडला.
पडद्यावर आता सगळं काळं.
हे मी पहिल्या सत्राच्या निबंधात लिहिलं.
सरांचा शेरा आला : स्मरणरंजन. विदा कुठे आहे?

म्हणून विदा आणायला गोदामात शिरले.
सतरा वर्षांची स्टाफ नर्स, एकेचाळीसची विद्यार्थिनी,
तोंडाला मास्क, हातात मोबाइलचा उजेड.
खाणी बंद पडून इतकी वर्षं झाली तरी
रजिस्टरांच्या कडांवर तीच तांबडी धूळ.
झटकली की आधी शिंक, मग अक्षर.

एस्मेराल्दा सिस्टरचं अक्षर उभं, कुंपणाच्या काठ्यांसारखं.
खाट नऊ, सगुण मळीक, वय एकसष्ट.
नाडी ठीक. दाब ठीक. ताप नाही.
आणि त्याखाली, लाल शाईत, पहाटे पावणेचार :
"रोज उठल्याबरोबर चहा मागतो. आज मागितला नाही.
डॉक्टरांना उठवलं."
पुढच्या पानावर सगुण मळीक बांबोळीला.
बारा दिवसांनी परत, खाट नऊ.
चहा अर्धा कप. साखर कमी.

दोन हजार एकशे चाळीस पानं वाचली मी,
पाळी आणि मुलीची बारावी यांच्या फटीत,
ओट्यावर लॅपटॉप ठेवून, कुकरच्या शिट्ट्या चुकवत.
"सुनेला आज नावाने हाक मारली नाही."
"भिंतीकडे तोंड. सुंगटाची आमटी परत पाठवली."
"उगाच जास्त गोड बोलतो आहे."
सर म्हणाले, हे ड्रॉपडाउनमध्ये कसं बसवणार?
मी रकाना करून दाखवला :
चहा मागितला – हो, नाही, लागू नाही.
अकरा चौकटींतली तोंडं हसली.
कोट्टायमची एक तेवढी हसली नाही,
तिच्या वॉर्डात तो रकाना कांजीचा होता.

मग परवाची रात्र.
खाट चार, साळची सत्यभामा राऊत.
रोज चारच्या ठोक्याला विचारते, "उजवाडलें गो?"
सव्वाचार झाले. विचारलं नाही.
पडद्यावर सगळे आकडे हिरवे, शहाण्या मुलांसारखे.
मी डॉक्टरांना उठवलं.
नवा पोरगा, केस एका बाजूला चेपलेले,
"कुठली व्हॅल्यू पडली, सिस्टर?"
अजून कुठलीच नाही, म्हटलं.
ईसीजी काढला. साखर पाहिली. दाब दोन्ही हातांवर.
सत्यभामेने एक डोळा उघडला :
"न्हिदूंक दी गो!"
डॉक्टर काही बोलला नाही.
ते जास्त लागलं.

सकाळी तक्ता उघडून प्रामाणिकपणे लिहिलं :
खोटा इशारा, एक.
आणि बोट तिथंच थांबलं.
दोन हजार पानांत असा एकही नाही.
प्रत्येक न मागितलेला चहा
बांबोळीलाच कसा जातो?

फोन लावला.
ती आता मयेला असते, धाकट्या भावाकडे,
ऐकू कमी येतं. दोनदा विचारावं लागलं :
सिस्टर, तुम्ही किती वेळा चुकलात?
उठवलं, पाहिलं, आणि काहीच नव्हतं,
असं किती वेळा?
पलीकडे खोकला. कोंबड्यांचा गलका. मग हसू.
"बाये, तें कोण बरयता?"

नवा रकाना जोडलाय.
त्याला अजून नाव सुचलेलं नाही.
सादरीकरण सोमवारी आहे,
आणि रविवारी माझी रात्रपाळी.