एकशे दहा अंश

हवल्लीतल्या त्या गल्लीत सगळी दुकानं कॉम्प्युटरचीच.
शिबू काचेवर चार कॅमेरे मांडतो, विचारतो,
मॅडम, पाहायचंय काय?
हॉल, मी म्हणते. आणि हॉलमधून स्वयंपाकघराचं दार.
म्हणजे एकशे दहा अंश. कोपऱ्यात लावा, छताखाली वीतभर.
रात्रीचं दिसतं, पण राखाडी.
कार्ड घाला, नाहीतर महिन्याला भाडं भरा,
चित्रं कुठल्यातरी लांबच्या देशात साठतील.
कार्डच द्या. आम्ही लांबच्या देशात आहोत तेवढं पुरे.

मग तो खालच्या खणातून एक घड्याळ काढतो.
बाराच्या आकड्यात डोळा.
घरात बाई असेल तर हे बरं, हळूच म्हणतो.
साडेअकरा दिनार. मी घासाघीस केली नाही.
लाज वाटत असली की माणूस घासाघीस करत नाही.

ॲपला सगळं हवं होतं,
माझा ठावठिकाणा, माझे नंबर, माझा माइक.
नाही म्हटलं तर उघडेना.
पासवर्ड आधीपासूनच एक ते आठ. तो तरी बदलला.
हालचाल टिपायचा चौकोन बोटाने ओढायचा असतो.
पाळणा आत घेतला, पंखा बाहेर,
सुब्बम्माची चटई अर्धी आत, अर्धी बाहेर.

नवरा अठ्ठावीस दिवस रिगवर. मी रक्तपेढीत,
पिशव्यांना लेबलं लावताना खिशात थरथर:
हालचाल आढळली.
हालचाल आढळली.
आढळायचं ते एवढंच:
जुई पालथी पडली.
सुब्बम्माने नखं कापली, जुईची आधी, मग स्वतःची.
एक तेलुगू गाणं, चौकोनाबाहेरून.
एकदा वाळूचं वादळ आलं. दुपारी चारला खोली केशरी झाली, मग काळोखली,
आणि घड्याळाने रात्र समजून सगळं राखाडी केलं.
त्या राखाडीत ती खिडकीच्या फटींत ओले टॉवेल कोंबत होती
एका हाताने.
दुसऱ्या हातावर माझी मुलगी.

आणि रोज सकाळी नऊ-दहाला
पडदा दोन सेकंद हिरवागार व्हायचा.
वाटलं, नेट.
अकराव्या दिवशी कळलं, ओढणी.
ती डोळा पुसत होती.

मी काही बोलले नाही. शुक्रवारी
मेथी निवडताना तीच बोलली, मोडक्या हिंदीत:
अक्का, ते घड्याळ दहा मिनिटं मागे आहे.
धूळ मी काढते. नाहीतर तुम्हाला नीट दिसणार कसं?
मी काड्या मोडत राहिले.
मग म्हणाली, असलं एक केवढ्याला पडतं?
तिची मुलगी चौथीत आहे, कडप्प्याला.
शाळा सुटल्यापासून मामा येईपर्यंत घरात एकटी.

पुन्हा हवल्ली. या वेळी माझे प्रश्न निराळे.
वीज जाऊन आली तर आपोआप जोडेल का?
दीड दांडी नेटवर चालेल?
घड्याळ नको. कॅमेऱ्यासारखा दिसणारा कॅमेरा द्या,
कुणी बघत असेल तेव्हा दिवा लागणारा,
म्हणजे पोरीला कळेल.
शिबूने पुन्हा तेच विचारलं, पाहायचंय काय?
मला नाही पाहायचं, मी म्हटलं.

सुट्टीवर निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेत,
साबण आणि टँगच्या डब्यांमधून तो गेला.
मामाने खिळा ठोकला.
इकडे सुब्बम्माने स्वतःच्या फोनवर ॲप उघडलं,
आणि पासवर्ड टाकायच्या वेळी
ओट्याशी माझ्याकडे पाठ करून उभी राहिली,
पडद्यावर हात आडवा धरून.

मी दुसऱ्या खोलीत गेले.

घड्याळ मात्र उतरवलं नाही, खोटं कशाला बोलू.
स्टुलावर चढून
काटे तेवढे दहा मिनिटं पुढे केले.