इलंय

बाबा वल्हं ठेवून गेला, त्याला नऊ वर्षं झाली.
तरी कर्लीच्या मुखाशी वारा पडला की
आई भाकरी थापता थापता हात थांबवते.
तिला वाटतं, पलीकडून, कोर्जाईच्या धक्क्यावरून
कुणीतरी ओरडलं: ओ तारीऽऽ

तेव्हा बाबा ताटावर असो,
तेर्साचा मणी बोटांत असो,
नाहीतर अंगात ताप,
उंबऱ्यातूनच ओरडायचा: इलंय!

इलंय म्हणजे आलो.
होडी अजून वाळूवर उताणी,
वल्हं भिंतीला टेकलेलं,
आणि क्रियापद मात्र खाडी ओलांडून
त्या माणसाजवळ जाऊन उभं.

मी लहान होतो. म्हणायचो, बाबा, खोटं बोलतोस.
तो लुंगी खोचत हसायचा:
"तोंड फुडे गेला काय पायांक वाट गावता रे."

आलो मीही म्हणतो. दिवसातून दहादा.
माझं आलो म्हणजे हाकेवर टाकलेली चादर,
खाली हाक झोपून जाते.

फादर सिल्वेर आले, हेल्मेट काखेत.
म्हणाले, कोर्जाईच्या सेर्फिनबाईला
रविवारच्या मिसाला आणशील का?
पुलावरून रिक्षा फार पैसे घेते.
म्हटलं, बघतो, फादर.
आणि बघत राहिलो.
रविवारची सकाळ म्हणजे डॉल्फिनची फेरी,
सहा जॅकेटं, सहा माणसं, बाराशे रुपये.

सेर्फिनबाईचा आवाज घशाच्या ऑपरेशनात गेलाय.
ती हाक मारू शकत नाही.
धक्क्यावर उभी राहते
आणि टोपावर पळी आपटते.
टण्. टण्. मग जरा थांबते,
ऐकते बहुतेक.

पहिल्या रविवारी गेलो.
इंजिन रागाने सुरू केलं.
तिला हात दिला, तोंड दिलं नाही.
ती सगळी वाट पाठमोरी बसली,
उतरताना माझ्या तळहातावर दोन रुपये ठेवले.
बाबाचा दर.
मीस चालू होती, मी बाहेर माडाला टेकून उभा.
पाय आले होते इगर्जीपर्यंत,
मी मागेच कुठेतरी, पाण्यात.

दुसऱ्या रविवारी गेलोच नाही.
टोप वाजत होता. बराच वेळ.
मी रेडिओ मोठा केला.
आईने तो बंद केला नाही,
नुसतं माझ्याकडे बघून
चुलीपुढची राख सारखी करत बसली.

मग उपासाच्या दिवसांतला तो रविवार.
कोल्हापूरची मंडळी जॅकेटं घालून तयार,
एक पोर आधीच नाळेवर बसलेलं,
भरती तोंडाशी, धुकं इतकं
की पलीकडचा किनारा देवाने अजून केलाच नव्हता जणू.
आणि त्या नसलेल्या किनाऱ्यावरून
टण्.

मी ठरवलं नाही. शपथेवर सांगतो.
माझ्या तोंडून बाबा ओरडला:
इलंऽय!

मंडळी हसली. मग वैतागली.
मग बावतीसच्या होडीत जाऊन बसली.
खाडीच्या मध्यापर्यंत मी बाराशे रुपये मोजले,
दोनदा.
तिसऱ्यांदा मोजायला घेतले
तर धुक्यातून टोपाचा आवाज जवळ आला
आणि आकडा सुटला हातातून.

सेर्फिनबाईने मला पाहिलं.
पळी कमरेला खोचली.
या खेपेला नाळेकडे तोंड करून बसली,
माझ्यासमोर,
आणि आवाज नसलेल्या ओठांनी काहीतरी म्हणाली.
मला ऐकू आलं नाही.
विचारलंही नाही.

दोन रुपये तेवढे घेतले.

आता शनिवारी रात्रीच वल्हं पुसून ठेवतो.
इंजिन आहे, तरी ठेवतो.
अजून कुणी बोलावलेलं नसतं,
खाडी काळी, माड गप्प,
आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या
आलेला असतो.