अर्धा पंप नेता येत नाही

अठ्ठावीसचा टायर की अडतीसचा,
यावर आपण अख्खा श्रावण भांडलो, सुहिता.
तू म्हणायचीस, बारीक टायर पळतो,
जाडा नुसता बसून खातो.
मी म्हणायचे, पळायचंय कुणाला?
मग मुलुंडच्या जिन्यात, दुधाच्या पिशव्या हातात असताना
तुझ्या गुडघ्यातली दोरी तुटली
आणि भांडण माझ्या एकटीच्या अंगावर पडलं.

भायखळ्याला पुलाखाली नरसय्याचं दुकान.
दुकान म्हणजे एक स्टूल, पाण्याचं घमेलं,
लोखंडी दुबेळक्यात अडकवलेलं कुणाचं तरी चाक.
मी नकाशा उलगडला : रेवस, दिघी, दाभोळ, जयगड,
खाली थेट गोकर्ण.
त्याने तो पाहिलाच नाही.
माझ्याकडे पाहिलं, मग कॅरिअरकडे.
"वजन किती?"
"माझं?"
"दोघांचं. तुमचं आणि बोचक्यांचं."

अडतीसचा घ्या, म्हणाला.
डांबर आहे तोवर सगळे टायर चांगले,
डांबर संपलं की कोणता टायर ते कळतं.
आणि हवा दगडासारखी भरू नका.
अंगठा दाबला तर टायरने
जरा ऐकायला पाहिजे.

मागच्या चाकाचा आऊट काढायला बसला.
एकेक तार नखाने छेडत गेला,
वरून बस गेली की थांबायचा,
ती गेली की पुन्हा पहिल्या तारेपासून.
शेवटी पाना खाली ठेवला.
"बत्तीस तारा. रिकामं फिरायला ठीक.
भार सगळा मागच्यावर येतो, ताई,
पुढचं फक्त वाट दाखवतं.
छत्तीसचं आणा."

छत्तीसचं तुझ्याकडे होतं.
फोनवर तू बराच वेळ काही बोलली नाहीस.
कुकरच्या दोन शिट्ट्या ऐकू आल्या.
मग म्हणालीस, "काढून ने.
तसंही गॅलरीत त्याच्यावर पायपुसणी वाळतायत."

सामानाचं मात्र नरसय्याला विचारता येईना.
आपली वाटणी झाली होती वहीच्या पाठच्या पानावर :
तंबू, स्टोव्ह, पंप तुझ्याकडे,
पातेलं, औषधं, पाने-पकडी माझ्याकडे.
एक माणूस कमी झालं म्हणून
ओझं निम्मं होत नाही,
उलट सगळं माझ्याच नावावर चढतं.
अर्धा पंप नेता येत नाही.
दोघींच्या तंबूत एकटीला झोपता येतं,
पण तंबूला ते कुठे माहीत असतं.

रद्दीवाल्या भोगीलालने बोचकी काट्याला टांगली.
एकोणीस किलो दोनशे.
"वर्तमानपत्राच्या भावाने देताय का?" म्हणाला.
जाडा स्वेटर काढला. कुलूप काढलं, पुन्हा ठेवलं.
लोणच्याची बरणी शेजारच्या फ्लोरीबाईंना दिली.
तुझा कप काढला, ठेवला,
आणि शेवटी काढलाच;
शंभर ग्रॅम म्हणजे शंभर ग्रॅम.

भंडारवाड्याच्या चढावर पहिल्यांदा भरलेली सायकल नेली
तेव्हा ती मधेच पुढचा पाय उचलू लागली.
सगळं मागे बांधलं की
वाट दाखवणारं चाक हवेत बघत बसतं.
पाणी आणि पातेलं पुढे घेतलं.
बाकावरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं,
"गॅसची एजन्सी घेतलीत वाटतं?"

कार्तिकात निघाले.
भाऊच्या धक्क्यावर अजून अंधार होता,
कुठेतरी बर्फ फोडत होते.
तिकिटाच्या खिडकीतल्याने मान वर न करता विचारलं, "किती?"
"मी आणि सायकल."
"मग दोन म्हणा की."
दोन म्हटलं.

लाँच आणि पायरी यांच्यामध्ये
पाणी काळं वर-खाली होत होतं.
खलाशाने हँडल धरलं, दुसऱ्या पोराने कॅरिअर,
आणि सायकल फळीवर जरा जोरात टेकली.
"सावकाश रे!" मी केवढ्याने ओरडले,
"मागचं चाक माझं नाही."